काचबिंदू झालेल्या काकांना लॅपटॉपवर मराठी मुद्रितशोधन चालू ठेवायचं आहे. लॅपटॉप कसा तयार करून द्यावा?

मीनल_मिरज

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

माझे काका ७१ वर्षांचे आहेत. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे, मग डीटीपी आल्यावर संगणकावर बसले. निवृत्तीनंतर घरून मुद्रितशोधन करतात. दोन दिवाळी अंक आणि गावातल्या लेखकांची पुस्तकं त्यांच्याकडेच येतात. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. समोरचं मधलं थोडं दिसतं, कडेचं गेलं आहे. गेलेली नजर परत येणार नाही, औषधाने आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

काम सोडायची त्यांची तयारी नाही. घरातले सगळे "आता विश्रांती घ्या" म्हणतात, मला ते पटत नाही. त्यांना कामाशिवाय बसलेलं मी पाहूच शकत नाही.

विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. आकड्यांचा वेगळा कप्पा नसलेला की-बोर्ड. अक्षरं खूप मोठी करून पाहिली, तर काका म्हणाले की आता ओळच सापडत नाही. मग एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, घातला. त्यात दोन अडचणी आल्या. मराठी बातमीचं पान उघडलं तर इंग्रजी शब्द वाचतो आणि मराठी ओळीवर गप्प बसतो. काकांची एक जुनी फाइल उघडली तर तिथे बोलतो, पण काहीतरी भलतंच. "काका" या शब्दावर बाणाने एकेक अक्षर पुढे गेलो तर "डी के डी के" ऐकू आलं. फाइल कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये आहे. अशा शेकडो फाइली आहेत, काही श्रीलिपीतल्या.

कुठून सुरुवात करू? माझं स्वतःचं ज्ञान वर्ड आणि ईमेलपुरतं आहे.

रोहन_पुणे

ताई, इतकं कशाला? गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे, विंडोज ११ मध्ये विंडोज आणि एच एकदम दाबलं तरी बोलून लिहिता येतं. काका बोलतील, संगणक लिहील. वाचायला एज ब्राउझरमध्ये 'रीड अलाउड' आहे, त्याला आरोही आणि मनोहर असे मराठी आवाज आहेत आणि दोन्ही छान वाचतात.

दत्ता_कोल्हापूर

मीनलताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, आता कर्जविभागात संगणकावरच काम करतो, आणि रविवारी उतारवयात नजर गेलेल्यांना संगणक शिकवतो. काकांसारखी माणसं माझ्याकडे बहुतेक वेळा फार उशिरा येतात, सगळं दिसायचं थांबल्यावर. तुम्ही वेळेत विचारलंत. अजून थोडं दिसतंय तोवर कानाची आणि बोटांची सवय लावून घेतली, तर पुढे नजर कमी झाली तरी काम तुटत नाही. तेव्हा हे पुढे ढकलू नका.

रोहन यांनी सांगितलेले आवाज खरंच गोड आहेत. काकांना संध्याकाळी एखादा लांब लेख ऐकायचा असेल तर जरूर वापरा, इंटरनेट मात्र चालू लागतं. पण काकांचं काम लिहिण्याचं नाही, तपासण्याचं आहे. दुसऱ्याच्या मजकुरात कुठली वेलांटी चुकली, कुठे अनुस्वार राहिला, कुठे शब्द दोनदा पडला, हे शोधायचं आहे. त्याला अक्षराअक्षरावर थांबता यायला हवं, मागे जाता यायला हवं, तिथल्या तिथे दुरुस्ती करता यायला हवी. ते स्क्रीनरीडरनेच होतं.

आता तुमच्या दोन अडचणी. त्या दिसायला सारख्या असल्या तरी मुळात वेगळ्या आहेत, आणि वेगळ्या ओळखल्या नाहीत तर माणूस महिनाभर चुकीच्या ठिकाणी खटपट करत बसतो.

गप्प बसणं हा आवाजाचा प्रश्न आहे. बातमीचं पान युनिकोडात आहे, म्हणजे फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरंच आहेत, मजकूर बरोबर आहे. पण विंडोज १० किंवा ११ वर एनव्हीडीए नव्याने घातला की तो विंडोजचे स्वतःचे आवाज घेतो. तुमच्याकडे तो आवाज इंग्रजी असणार, त्याला देवनागरी येत नाही, म्हणून तो ती ओळ सोडून देतो. उपाय सोपा आहे. एनव्हीडीएची कळ (मूळची इन्सर्ट), कंट्रोल आणि एस एकदम दाबा. मजकूर बोलून दाखवणारं कुठलं यंत्र वापरायचं ते विचारेल, त्यात 'ई-स्पीक एनजी' निवडा. ते एनव्हीडीएसोबतच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही. मग एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही दाबा, आवाजाची पाटी उघडेल, तिथे भाषा 'मराठी' करा. आता मराठी ओळ मराठीत आणि अधलेमधले इंग्रजी शब्द इंग्रजीत वाचले जातील.

ई-स्पीकचा आवाज यांत्रिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. काका पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतील. घरातले तर "हा कसला आवाज" म्हणतीलच. पण हा आवाज वेग कितीही वाढवला तरी स्पष्ट राहतो, कळ दाबल्याबरोबर बोलतो, इंटरनेट लागत नाही. कामाला हाच उपयोगी. विंडोजमध्ये हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज घालता येतात, ऐकायला बरे वाटतात, पण मराठी ते हिंदी वळणाने वाचतात. मुद्रितशोधकाच्या कानाला ते चालायचं नाही.

सुरुवातीला वेग खूप कमी ठेवा. माझ्या संगणकाचा आवाज ऐकून लोक विचारतात की हे काय बोलतंय, इतका तो भरभर असतो. तो वेग काकांवर लादू नका. कान तयार झाला की तेच वाढवतील.

डी के डी के हा मात्र मजकुराचाच प्रश्न आहे आणि तो आवाज बदलून सुटणार नाही. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती हे जुने फॉन्ट प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवतात आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी चित्र दाखवतात. कृतिदेवमध्ये 'क' म्हणजे 'डी' आणि काना म्हणजे 'के'. डोळ्याला 'काका' दिसतं, फाइलमध्ये असतं 'डी के डी के'. स्क्रीनरीडर डोळ्याने वाचत नाही, फाइलमध्ये जे आहे ते वाचतो. 'मराठी' लिहिलं असेल तर तो 'ई जे के बी एच' म्हणणार. माझ्यासारख्याला अशी फाइल पाठवणं म्हणजे कोरा कागद पाठवणं. कितीतरी परिपत्रकं, अर्जांचे नमुने अजूनही असे येतात आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी "वाचून दाखवा" म्हणावं लागतं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण युनिकोड हातात असताना हे घडतं.

त्यामुळे काकांसाठी पहिला नियम: यापुढे जे काम स्वीकारायचं ते फक्त युनिकोडात. लेखकांना, अंकाच्या संपादकांना तसं आजच कळवा. संकोच करू नका. जुन्या फाइली बदलता येतात, त्याबद्दल इथे कोणी डीटीपीतलं असेल तर त्यांनी लिहावं, मला त्यातलं रोजचं ज्ञान नाही.

आता लॅपटॉप. एनव्हीडीएच्या आज्ञा एका खास कळीसोबत चालतात. मूळची ती इन्सर्ट, पण तुमच्या छोट्या की-बोर्डवर कॅप्सलॉक सोयीची. एनव्हीडीए आणि एन दाबून मेनू उघडा, सेटिंग्जमध्ये की-बोर्डच्या भागात मांडणी 'लॅपटॉप' करा आणि कॅप्सलॉकला एनव्हीडीएची कळ म्हणून खूण करा. मराठी लिहिताना कॅप्सलॉक लागत नाही, त्यामुळे काही अडत नाही. मग कॅप्सलॉक आणि एल म्हणजे चालू ओळ, कॅप्सलॉक आणि ए म्हणजे इथून पुढे सगळं वाच, कंट्रोल दाबलं की गप्प, शिफ्ट दाबलं की थांब आणि पुन्हा शिफ्ट दाबलं की तिथूनच पुढे. पहिला आठवडा एवढ्याच कळा. सगळ्यात आधी कॅप्सलॉक आणि एफ१२ शिकवा, ते घड्याळ सांगतं. दिवसातून कितीदा तरी लागतं आणि संगणक आपलं ऐकतो हा विश्वास येतो.

आणखी एक कळ, जी मला शिकवताना सर्वात मोलाची वाटते. कॅप्सलॉक आणि १. त्यानंतर कुठलीही कळ दाबली तरी संगणक काहीच करत नाही, फक्त त्या कळीचं नाव आणि काम सांगतो. पुन्हा तेच दाबलं की नेहमीसारखं. काकांना एकटं बसू द्या आणि सगळा की-बोर्ड चाचपू द्या. काही बिघडेल ही भीती म्हातारपणी फार असते, आणि जवळ कोणी उभं राहिलं की ती वाढते.

विंडोजचा पासवर्ड टाकायच्या पडद्यावरही एनव्हीडीए बोलायला हवा, नाहीतर रोज सकाळी कोणीतरी लॅपटॉप उघडून द्यावा लागेल. सेटिंग्जच्या 'जनरल' भागात त्याची खूण आहे, ती करा. एनव्हीडीए बंद पडला तर कंट्रोल, आल्ट आणि एन दाबून परत सुरू होतो. ही कळ काकांना पाठ हवी, कारण आवाज गेला की एकदम अंधार होतो.

एफ आणि जे या कळांवर छोटे उंचवटे असतातच. बाकी कॅप्सलॉक, एफ५, एफ१० यांवर नेलपॉलिशचा एकेक थेंब सुकवून ठेवा. दुकानात यासाठी चिकटवायचे ठिपके मिळतात, पण थेंबानेही काम भागतं.

जाता जाता, ज्यांनी हे आपल्यापर्यंत पोचवलं त्यांच्याबद्दल. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह सोबत आले. दोघंही अंध. तोवर चांगला स्क्रीनरीडर म्हणजे माझ्या पगाराच्या बाहेरची गोष्ट होती. एनव्हीडीए मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. मी आज नोकरीत जे काम करतो त्यामागे ते आहेत, म्हणून प्रत्येक शिकणाऱ्याला मी त्यांची नावं सांगतो.

मीनल_मिरज

दत्ताजी, किती मनापासून लिहिलंत! मराठी आवाज आला! काकांनी तोंड वाकडं केलंच, पण "उच्चार स्वच्छ आहेत" असंही म्हणाले.

दोन शंका. नजर थोडी आहे, तिचा उपयोग कसा करून घ्यायचा? आणि काकांचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला आहे. युनिकोडात तेच चालेल का?

अक्षरजुळणी

सांगलीत डीटीपीचं काम करतो. फाइली बदलण्याबद्दल माझ्याकडून.

कृतिदेव, श्रीलिपीमधून युनिकोडात नेणारी परिवर्तकं मिळतात, काही फुकट आहेत. पण फॉन्ट नेमका कुठला ते आधी पाहा. श्रीलिपीत वेगवेगळ्या मालिका आहेत आणि एकीचं परिवर्तक दुसरीला लावलं तर सगळा गोंधळ. आधी एकच पान बदलून बघा, मग गठ्ठा.

बदललेल्या मजकुरात चुका ठरावीक ठिकाणी राहतात. एक म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडात नंतर येते. परिवर्तक ती उचलून पलीकडे ठेवतो, पण जोडाक्षर आलं की कधी चुकीच्या अक्षरावर ठेवतो. दुसरा रफार, त्याचं उलटं. जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडात 'र' आणि हलन्त आधी. 'धर्म', 'वर्षी', 'दीर्घ' असे शब्द मुद्दाम बघायचे. तिसरं म्हणजे मधले इंग्रजी शब्द आणि कधी कधी आकडे. मूळ फाइलमध्ये इंग्रजी शब्दाचा फॉन्ट वेगळा असतो, पण साधा मजकूर काढताना तो भेद पुसला जातो आणि परिवर्तक इंग्रजीलाही देवनागरी करून टाकतो. 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतले ऱ्ह आणि ऱ्यही तपासायचे.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या फाइली असतील तर मजकूर बाहेर काढून घ्या, पेजमेकर पुढे कामाचा नाही. आणि फाइल हरवली असून फक्त छापील पान असेल तर ते स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. तो चित्रातलं मराठी ओळखून मजकूर करून देतो. छपाई स्वच्छ असेल तर बरंच बरोबर येतं. दोन स्तंभांचं पान असेल तर आधी प्रत्येक स्तंभ वेगळा कापा, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात.

शेकडो फाइली एकदम बदलायच्या मागे लागू नका. जी लागेल ती त्या वेळी. काका सांगलीला येणार असतील तर पहिला गठ्ठा मी बसून करून देईन, त्यांच्यासारख्या खिळे जुळवणाऱ्यांकडूनच आम्ही शिकलो.

दत्ता_कोल्हापूर

अक्षरजुळणी, फार चांगलं केलंत. हे असं ठोस कोणी सांगत नाही.

मीनलताई, आधी नजरेबद्दल. मला स्वतःला दिसत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्यांकडून हे नीट समजलं आहे. मोतीबिंदूत किंवा मधली नजर अंधूक झाली तर अक्षर मोठं केल्याने फायदा होतो. काचबिंदूत कडेची नजर जाते, उरतो तो मधला छोटा गोल. अक्षर फार मोठं केलं तर त्या गोलात दोनच अक्षरं मावतात आणि डोळा ओळीत हरवतो. काका नेमकं तेच म्हणाले. म्हणून आकार मध्यम ठेवा, ओळींतलं अंतर वाढवा, आणि भर रंगांच्या फरकावर द्या. विंडोज आणि यू दाबलं की सुगमतेच्या सगळ्या सोयींचं पान उघडतं. तिथे 'कॉन्ट्रास्ट थीम्स' मध्ये काळ्यावर पिवळं किंवा पांढरं लावून पाहा. पांढऱ्या पडद्याची चमक पुष्कळांना सोसत नाही, पण काकांना काय बरं वाटतं ते काकांनाच ठरवू द्या. तिथेच 'टेक्स्ट कर्सर' मध्ये कर्सर जाड करता येतो आणि त्याच्या वर-खाली रंगीत ठिपके लावता येतात. कमी नजरेच्या माणसाचा निम्मा वेळ कर्सर शोधण्यात जातो, म्हणून ही सोय मी सर्वात आधी लावून देतो. माउसचा बाणही मोठा आणि रंगीत होतो.

एनव्हीडीएतही 'व्हिजन' नावाचा भाग आहे. तिथली खूण चालू केली की आवाज जिथे आहे त्याच्याभोवती रंगीत चौकट येते. कान आणि डोळा एकाच जागी राहतात. भिंग लागलंच तर विंडोज आणि अधिक चिन्ह, बंद करायला विंडोज आणि एस्केप.

टाइपरायटरची मांडणी युनिकोडात देणारी साधनं मिळतात, काकांचा हात त्यावर बसलेला असेल तर मी लगेच मोडायला सांगणार नाही. पण जमत असेल तर इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी शिकू द्या. कारण सांगतो. ती विंडोजमध्ये असतेच, कुठल्याही संगणकावर 'मराठी' की-बोर्ड जोडला की झालं. आणि ती न पाहता शिकायला सोपी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत जे वर 'र', के वर 'क', एल वर 'त'. शिफ्ट धरला की 'क' चा 'ख', 'त' चा 'थ', 'ल' चा 'ळ'. 'दिवस' लिहायचा तर द, मग ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग स. आपण उच्चारतो त्याच क्रमाने. 'धर्म' मध्ये ध, र, हलन्त, म. टाइपरायटरवर रफार मागाहून चढवायची सवय मोडावी लागेल, पण कानाने लिहिणाऱ्याला हा क्रम नैसर्गिक वाटतो, कारण जे ऐकतो तेच बोटं करतात.

आणि काकांना एवढं सांगा की खिळे जुळवताना कुठल्या खणात कुठलं अक्षर हे हाताला माहीत असायचं, तसंच हे आहे. ज्याने एकदा ते केलं त्याच्या बोटांना हे अवघड नाही.

एक सावधगिरी. विंडोजमध्ये 'मराठी फोनेटिक' नावाचाही की-बोर्ड आहे. इंग्रजी स्पेलिंगने लिहायचं आणि तो शब्द सुचवतो. डोळस माणसाला सोयीचा आहे, पण ती सुचवण्यांची यादी स्क्रीनरीडरसोबत प्रत्येक शब्दाला मध्ये येते. काकांसाठी नको.

सुलभा_नाशिक

मध्येच विचारते, माफ करा. दत्ताजी, माझ्या आईला पक्षाघातानंतर उजवा हात नीट चालत नाही, डावा चालतो पण थोडा थरथरतो. डोळे चांगले आहेत. तिला नातवंडांना ईमेल लिहायची आहे, मराठीत. यातलं तिला काही लागू होईल?

दत्ता_कोल्हापूर

सुलभाताई, माफी कसली, इथेच विचारायचं.

आईंना तीन गोष्टी लागतील. पहिली 'स्टिकी कीज'. शिफ्ट पाच वेळा दाबलं की विचारणा येते, 'हो' म्हणायचं. मग शिफ्ट धरून ठेवावा लागत नाही. एकदा शिफ्ट दाबून सोडला आणि मग अक्षर दाबलं तरी चालतं. मराठीसाठी याचं मोल जास्त आहे, कारण इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, भ, ळ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टने येतात. एका हाताने ते धरणं अशक्यच.

दुसरी 'फिल्टर कीज'. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून धरला की येते. थरथरीमुळे एक अक्षर दोनदा पडतं किंवा बोट शेजारच्या कळीला लागतं, ते दुर्लक्षित करायचं काम ही करते. किती वेळ दाबलेली कळ खरी मानायची तेही ठरवता येतं. आईंच्या शेजारी बसून ते थोडं थोडं कमी-जास्त करा, एका बैठकीत जमणार नाही. तिसरी 'माउस कीज', आकड्यांचा कप्पा असलेला की-बोर्ड असेल तर. डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक. मग ८, २, ४, ६ ने बाण हलतो आणि ५ ने क्लिक.

आईंना रोहन यांनी सांगितलेलं बोलून लिहिणं फार उपयोगी पडेल. पक्षाघाताचा बोलण्यावर परिणाम झाला असेल तर आधी छोटी वाक्यं बोलून पाहू द्या.

रोहन_पुणे

दत्ताजी, मुद्रितशोधनाचा फरक लक्षात आला. एक विचारू का? मराठीत 'दिन' आणि 'दीन' कानाला इतके जवळ. काका ऱ्हस्वदीर्घ आवाजावरून कसं ओळखणार?

दत्ता_कोल्हापूर

रोहन, अगदी कळीचा प्रश्न विचारलात. वाक्य ऐकून नाही ओळखता येत, निदान भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दोन वाचनं करायची. पहिल्यांदा सलग ऐकायचं. शब्द गळला, दुबार पडला, वाक्य अडखळलं हे कान डोळ्यापेक्षा लवकर पकडतो. डोळा ओळखीचा शब्द पाहून पुढे जातो, कान तसं करत नाही. कितीतरी डोळस सहकारी मला महत्त्वाचं पत्र "एकदा ऐकून बघा" म्हणून देतात ते यासाठीच.

दुसऱ्यांदा शंकेच्या शब्दावर थांबून बाणाने अक्षराअक्षरावर जायचं. तिथे अक्षर सुटं ऐकू येतं. तरी खात्री नसेल तर त्या अक्षरानंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबायचं. बॅकस्पेस 'की' हे पूर्ण अक्षर घालवत नाही, फक्त वेलांटी काढतं आणि काय काढलं ते बोलतं. मग कंट्रोल आणि झेड दाबून परत आणायचं. वेळ लागतो, पण चूक राहत नाही. संधी आणि जोडाक्षरांच्या शब्दांवर मी हेच करतो.

आणि काकांचं व्याकरण पक्कं आहे. कुठल्या शब्दावर शंका घ्यायची हे त्यांना पन्नास वर्षांच्या कामाने शिकवलेलं आहे. ते कुठलंही यंत्र शिकवू शकत नाही.

मीनल_मिरज

काकांना वरचं सगळं वाचून दाखवलं. खिळ्यांच्या खणांचं ऐकून त्यांनी लगेच की-बोर्ड मांडीवर घेतला. अक्षरजुळणी, तुम्हाला खासगी निरोप पाठवते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी युनिकोडला होकार दिला.

काकांनीच सांगितलेला प्रश्न आहे: "हा स्वल्पविराम वाचतच नाही. अवतरणचिन्हं बंद केली की नाहीत हे मला कसं कळणार?" आणि अंधांसाठी मराठी पुस्तकं ऐकायला कुठे मिळतील?

दत्ता_कोल्हापूर

पुस्तकांचं आधी. 'सुगम्य पुस्तकालय' म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ मध्ये सुरू झालं. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे, त्यात मराठी पुस्तकंही आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आणि राष्ट्रीय अंधजन संघटना यांच्याकडे चौकशी करा, सभासद कसं व्हायचं ते सांगतील. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून आपल्यासाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत करणं कायदेशीर आहे, तेव्हा काकांनी हक्काने मागावं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचं ओळखपत्र) काढलं नसेल तर त्याच्याही मागे लागा, काचबिंदूने नजर ठरलेल्या मर्यादेखाली गेली असेल तर मिळतं.

आता स्वल्पविराम. एनव्हीडीए मूळ सेटिंगला बरीच चिन्हं बोलत नाही, फक्त तिथे थोडा थांबतो. कॅप्सलॉक आणि पी दाबत राहा, पातळी बदलत जाते. 'सर्व' वर आणली की स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हं, कंस, सगळं नावाने बोलतो. ठळक आहे की तिरपं हे विचारायला शब्दावर थांबून कॅप्सलॉक आणि एफ.

पण दिवसभर 'सर्व' वर ठेवलं तर साधी बातमी ऐकतानाही कान किटतो. त्यासाठी एनव्हीडीएच्या मेनूत 'कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स' मध्ये नवीन प्रोफाइल करा, नाव द्या 'प्रूफ', आणि ते वर्डला जोडून टाका. वर्ड उघडा, त्या प्रोफाइलमध्ये चिन्हं 'सर्व' करा, वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा, मग कॅप्सलॉक, कंट्रोल आणि सी दाबून जतन करा. यापुढे काका वर्डमध्ये गेले की आवाज आपोआप हळू आणि काटेकोर होईल, बाहेर आले की परत नेहमीचा. प्रोफाइल जोडताना वर्ड आधीच उघडं असू द्या, म्हणजे जोडायच्या पर्यायांत त्याचंच नाव दिसतं. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री नऊनंतर असतो.